हर-२ फिश तपासणीची तयारी: आदल्या दिवसापासून वॉशपर्यंत

गेल्या जानेवारीत कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत हर-२ फिशचा (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत हर-२ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हे चमकणाऱ्या ठिपक्यांनी दाखवणारी तपासणी) स्लाइडचा एक संच माझ्या हातून वाया गेला. गडहिंग्लजकडून आलेल्या सुईच्या बायोप्सीचे उरलेले सगळे काप त्यात संपले आणि रुग्णेला ट्रास्टुझुमॅब हे हर-२ विरोधी औषध द्यायचे की नाही, हा निर्णय आठ दिवस लांबला. चूक एकच होती: वॉटर बाथच्या (ठराविक तापमान राखणाऱ्या पाण्याच्या भांड्याच्या) पडद्यावरचा आकडा मी पाहिला, पण त्यात ठेवलेल्या जारमधील, स्लाइड धुण्याच्या द्रावाचे तापमान मोजले नाही.

हातमोजे, झायलीन, अल्कोहोल यांबद्दल लिहीत नाही, ती असतातच. ब्लॉक (मेणात बसवलेली ऊती) मात्र हाती येताच चौकशी करावी. ऊती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये किती तास होती, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी मागून घ्यावे. ६ ते ७२ तासांच्या बाहेरचा नमुना असेल तर अहवालात तसे नमूद करावे लागते. आम्लाने डिकॅल्सिफाय केलेले (कॅल्शियम काढून मऊ केलेले) हाड या तपासणीसाठी घेऊ नये, कारण त्यात डीएनएची हानी झालेली असते. ४ ते ५ मायक्रॉनचे काप चार्ज्ड (ऊती घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर घेऊन रात्रभर ५६ अंशांवर ठेवावेत. एच अँड ई (नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टने आक्रमक कर्करोगाचा भाग आखून दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नलिकेतच मर्यादित असलेल्या भागातील पेशी मोजल्या, तर उपचारासाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कंट्रोल स्लाइड (जिचा निकाल आधीच माहीत आहे ती) विसरू नये.

प्रोब, म्हणजे ठराविक डीएनएला चिकटणारा चमकदार रंगाचा डीएनएचा तुकडा, उणे २० अंशांवर आणि अंधारात असतो. तो दिव्याखाली उघडा ठेवू नये. वितळल्यावर व्हॉर्टेक्स करावा (यंत्रावर घुसळावा) आणि क्षणभर सेंट्रिफ्यूज करून मगच पिपेटने उचलावा. नारिंगी प्रोब गुणसूत्र १७ च्या क्यू१२ पट्ट्यातील हर-२ जनुकाला चिकटतो, तर हिरवा त्याच गुणसूत्राच्या सेंट्रोमियरला (मधल्या आवळलेल्या भागाला). जनुकाच्याच प्रती वाढल्या आहेत की अख्खे गुणसूत्र वाढले आहे, हे या दोन रंगांच्या गुणोत्तरावरून समजते, आणि म्हणूनच हिरव्या ठिपक्यांची मोजणी बिघडली की सगळाच निष्कर्ष बिघडतो.

आता तापमान. दुसऱ्या दिवशीच्या वॉशसाठी (जादा प्रोब धुऊन काढण्यासाठी) दोनपट एसएससी (मिठाचा बफर) आणि ०.३ टक्के एनपी-४० (डिटर्जंट) असलेला द्राव ७२ अंशांवर, फार तर एक अंश इकडेतिकडे, हवा. हे ७२ अंश जारच्या आत हवेत, बाथच्या पाण्यात नव्हेत. जार बाथ सुरू करतानाच ठेवावा. तापलेल्या पाण्यात गार काच ठेवली तर ती तडकू शकते आणि द्राव तापायलाही वेळ लागतो. त्या दिवशी मी जार उशिरा ठेवला, सकाळ थंडीची होती, पडद्यावर ७३ दिसत होते आणि नंतर जारमध्ये थर्मामीटर बुडवला तेव्हा आकडा ६७ निघाला. वॉश कमी तापमानावर झाला की सेंट्रोमियरचा प्रोब इतर गुणसूत्रांवरच्या त्याच्यासारख्या क्रमांवरही चिकटून राहतो आणि हिरवे ठिपके खोटे वाढतात. पेशीमागे सरासरी ५ नारिंगी आणि २ हिरवे ठिपके असतील तर गुणोत्तर २.५ येते, हिरवे ३ दिसले तर तेच १.७ होते आणि औषधाला पात्र असलेली रुग्णा अपात्र ठरू शकते. माझ्या कंट्रोल स्लाइडवरही हिरवे ठिपके जास्त दिसले, म्हणून चूक ध्यानात आली. तापमान उलट जास्त झाले तर खरे सिग्नलही धुऊन जातात. खोलीच्या तापमानावरची प्रत्येक स्लाइड जारचे तापमान साधारण एक अंशाने उतरवते, म्हणून एका वेळी चारपेक्षा जास्त स्लाइड घालू नयेत आणि पुढच्या खेपेआधी जारमध्ये पुन्हा मोजावे. अचूकता तपासलेला वेगळा थर्मामीटर आदल्या संध्याकाळीच जारशेजारी काढून ठेवावा.

प्रोब घालण्याआधी ऊतीतील प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनची वेळ कंट्रोलवर ठरवावी. जास्त झाली तर केंद्रके पोकळ दिसतात. प्रोब घातल्यावर कव्हरस्लिपच्या चारही कडा रबर सिमेंटने बंद कराव्यात, डीनॅच्युरेशन (उष्णतेने डीएनएच्या दोन साखळ्या वेगळ्या करणे) किटच्या पत्रकाप्रमाणे करावे आणि ३७ अंशांवर ओलसर पेटीत १४ ते १८ तास ठेवावे. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर इनक्युबेटर इन्व्हर्टरवर चालेल, याची आधीच खात्री करावी.

सकाळी कव्हरस्लिप काढण्यापूर्वी जारमध्ये थर्मामीटर घालून पाहावे, मग २ मिनिटे वॉश, अंधारात वाळवणे, मग डापी (केंद्रके निळी दाखवणारा रंग). मोजणी किमान २० पेशींची, दोघांनी स्वतंत्रपणे. गुणोत्तर २ किंवा अधिक आणि हर-२ च्या सरासरी प्रती ४ किंवा अधिक असतील तर पॉझिटिव्ह, मधल्या गटांसाठी हर-२ तपासणीची २०१८ ची मार्गदर्शक सूत्रे उघडून बसावे. नोंदवहीत ‘वॉशच्या वेळी जारमध्ये मोजलेले तापमान’ असा वेगळा रकाना आखावा, आणि तो रिकामा असेल तर त्या संचाच्या अहवालावर सही करू नये.