ओ-लाइन नव्यानं उभारताय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये ओ-लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, वाचवणारी पाच जणांची फळी: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि कडेला टॅकल. क्वार्टरबॅक दोनदा आडवा झाला की ओरड सुरू होते, "लेफ्ट टॅकल बदला!" आमच्या मॅडन या व्हिडिओ गेमच्या लीगमध्ये दर सीझनला कोणीतरी नवखा हेच करतो, आणि एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) गप्पांतही हाच सूर लागतो.

सगळा पैसा लेफ्ट टॅकलवर ओतणे

माझे दोन सीझन यात गेले. ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतले दोन पिक देऊन नावाजलेला टॅकल आणला आणि सेंटरच्या जागी किमान पगारातला खेळाडू बसवला. समोरच्या मित्रानं ते पहिल्याच सामन्यात हेरलं. तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आला की त्याचा लाइनबॅकर, म्हणजे फळीमागचा बचावपटू, सेंटर आणि गार्डच्या मधून घुसायचा. माझा महागडा टॅकल कडेला आपला माणूस नीट अडवून उभा, आणि क्वार्टरबॅक जमिनीवर. कडेनं येणाऱ्याला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून चुकवू शकतो. मधून येणारा थेट छातीवर येतो, तेव्हा पाऊल टाकायला जागाच नसते.

तेव्हापासून मी सेंटर आधी ठरवतो. स्नॅपच्या (चेंडू मागे देण्याच्या) आधी समोरचा लाइनबॅकर बोटानं दाखवून कोण कुणाला धरणार हे सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो.

एनएफएलच्या चीफ्स संघाचं उदाहरण बघा. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या फायनलमध्ये) फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स जीव घेऊन पळत राहिला आणि बकनियर्सनी 31-9 नं हरवलं. नंतर चीफ्सनी अख्खी लाइन बदलली. ऑर्लँडो ब्राउनला ट्रेड करून टॅकलला आणलंच, पण मधल्या तीन जागाही भरल्या. गार्ड जो थूनीशी 5 वर्षांचा, 8 कोटी डॉलरचा करार केला. सेंटर क्रीड हम्फ्री ड्राफ्टमध्ये 63 वा मिळाला, तर ट्रे स्मिथ थेट 226 वा. फेब्रुवारी 2023 मध्ये समोर ईगल्स होते, नियमित सीझनमध्ये 70 सॅक केलेले (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). त्या सुपर बोलमध्ये महोम्सचा एकही सॅक झाला नाही.

गार्ड उचलून टॅकलला लावणे

एक भोक बुजवायला दुसरं पाडू नका. 2024 सीझनच्या अखेरीस चीफ्सनी थूनीलाच लेफ्ट टॅकलला नेलं. सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं पुढे न धाडता, 6 सॅक काढले.

दुखापतीतल्या माणसावर पाया रचणे

टेक्सन्सनी 2002 च्या एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये (नव्या संघासाठीच्या निवडीत) पहिलाच टॅकल टोनी बोसेली घेतला. खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही. त्या वर्षी त्यांच्या नवख्या क्वार्टरबॅक डेव्हिड कारचे 76 सॅक झाले. त्या पोरासाठी आजही जीव तुटतो.

राखीव खेळाडू विसरणे

बेंगल्सनी 2022 मध्ये लाइन नवी केली, पण जानेवारीपर्यंत तीन जण जायबंदी झाले आणि त्यांचा क्वार्टरबॅक बरो पुन्हा एकटा पडला. माझ्याकडे सहावा आणि सातवा माणूस ठरलेला असतो.

तीन आठवड्यांत निकाल मागणे

यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. ट्विस्ट ही बचावाची चाल येते तेव्हा समोरच्या बचावातला टॅकल बाहेरच्या बाजूला घुसतो आणि कडेचा एंड त्याच्या मागून आत वळतो. तेव्हा गार्डनं आपला माणूस शेजारच्या टॅकलच्या हवाली करायचा आणि आत येणाऱ्याला धरायचं. हे ओरडून जमत नाही, शेजाऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावं लागतं. नवा गार्ड आपल्याच माणसामागे धावतो, मागे दार सताड उघडं. मग लोक त्याला बेंचवर बसवून तिसराच आणतात, आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून. मी पाच जण एकदा ठरवले की दुखापत सोडून सहा सामने हात लावत नाही. प्रत्येक सॅक दोनदा बघतो. पहिल्यांदा नजर फक्त सेंटरवर. दुसऱ्यांदा चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात किती वेळ होता ते मोजतो, कारण चार-चार सेकंद तो धरून बसला असेल तर लाइनला बोल लावण्यात अर्थ नाही.