तरुण गोल्फपटूची सुरुवातीची कारकीर्द कशी अभ्यासावी : जॉन राहमच्या पहिल्या दीड वर्षाच्या आधारे

गोल्फमध्ये वर्षभर उत्तम खेळणारा खेळाडूही बहुतेक आठवड्यांत हरतच असतो. एका स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात आणि जिंकतो एकच. त्यामुळे क्रिकेटपटूची सुरुवात जशी शतकांवरून आणि बळींवरून जोखता येते, तशी गोल्फपटूची सुरुवात केवळ विजयांच्या यादीवरून जोखता येत नाही. नव्या व्यावसायिक खेळाडूची वाटचाल पहिल्या दिवसापासून बारकाईने पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एक पद्धत येथे मांडत आहे. उदाहरण स्पेनच्या जॉन राहमचे घेतले आहे, कारण जून २०१६ ते नोव्हेंबर २०१७ या त्याच्या पहिल्या दीड वर्षात निमंत्रणावर खेळण्यापासून मोठ्या विजयांपर्यंत आणि कट चुकण्यापर्यंत (म्हणजे दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळले जाते, त्यांत सापडण्यापर्यंत) सर्व प्रकारचे आठवडे सापडतात.

प्रथम एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक स्पर्धेसाठी एक ओळ राखून ठेवावी. तारीख, मैदान, चारही फेऱ्यांतील फटके आणि अंतिम स्थान या गोष्टी कोणीही लिहील. त्यांच्या जोडीला खेळाडू त्या आठवड्यात कोणत्या हक्काने खेळला, म्हणजे सदस्य म्हणून, पात्रता मिळवून की आयोजकांच्या निमंत्रणावर, हे मात्र न चुकता लिहावे. माझ्या मते नवख्या खेळाडूच्या बाबतीत हाच रकाना सर्वांत बोलका असतो, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच गाळला जातो.

वहीची सुरुवात व्यावसायिक होण्याच्या दिवसापासून न करता हौशी काळापासून करावी. राहमचा जन्म १० नोव्हेंबर १९९४ रोजी बास्क प्रांतातील बारिका या गावी झाला. पुढे तो अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेला आणि तेथे टिम मिकेल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने विद्यापीठीय स्तरावरील ११ स्पर्धा जिंकल्या. त्या विद्यापीठात त्याहून अधिक विजय केवळ फिल मिकेल्सन यांच्या नावावर आहेत. जागतिक हौशी क्रमवारीत तो ६० आठवडे अव्वल राहिला, आणि अमेरिकी विद्यापीठीय गोल्फमधील बेन होगन पुरस्कार त्याने २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ दोनदा मिळवला, जे त्यापूर्वी कोणालाही जमले नव्हते. हे सारे प्रभावी असले, तरी हौशी खेळाडूंना हरवून मिळालेले आहे, हे ध्यानात ठेवावे. म्हणून हौशी असतानाच तो व्यावसायिकांच्या मैदानात कधी उतरला, ते आठवडे शोधून काढावेत.

राहमच्या बाबतीत असे दोन आठवडे महत्त्वाचे आहेत. २०१५च्या फिनिक्स ओपनमध्ये तो संयुक्त पाचवा आला, तर जून २०१६मध्ये ओकमाँट येथील यूएस ओपनमध्ये तो संयुक्त तेविसावा आणि हौशी खेळाडूंमध्ये सर्वोत्तम ठरला. आकडा पाहिला तर पहिली कामगिरी मोठी वाटते, परंतु फिनिक्स ओपनचे मैदान स्कॉट्सडेल येथे, म्हणजे त्याच्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे आणि तेथील गवत, हवा व उसळी यांची त्याला सवय होती. ओकमाँट हे अमेरिकेतील सर्वांत कठीण मैदानांपैकी एक असून त्याची होलभोवतीची हिरवळ कमालीची वेगवान आहे, म्हणजे तिच्यावर चेंडू फार जोरात घरंगळतो. तेथे घरचा आधार नसताना चारही दिवस टिकून राहणे मला अधिक वजनदार वाटते. वहीत अशा ओळींपुढे ‘घरचे मैदान’ अशी खूण करून ठेवावी.

खेळाडू कोणत्या वाटेने आला, याचीही नोंद करावी, कारण स्पेनमध्ये ही वाट पिढीगणिक बदलत गेली आहे. सेव्ह बॅलेस्टेरोस कांताब्रिया प्रांतातील पेद्रेन्या गावात कॅडीगिरी करत वाढला, समुद्रकिनाऱ्यावर ३-आयर्न नावाच्या एकाच काठीने सराव करत असे आणि १९७४मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, व्यावसायिक झाला. दोनच वर्षांनी रॉयल बर्कडेल येथील ब्रिटिश ओपनमध्ये तो जॅक निकलॉस यांच्यासह संयुक्त दुसरा आला. होसे मारिया ओलाझाबाल मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा होता. सर्जिओ गार्सियाचे वडील क्लबचे व्यावसायिक प्रशिक्षक होते. तो १९९९मध्ये व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी मेडिना येथील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगर वूड्सच्या मागे केवळ एका फटक्याने दुसरा आला. राहमची वाट अमेरिकी विद्यापीठातून गेली. सोळाव्या वर्षी पोटासाठी खेळू लागलेला मुलगा आणि एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन, उत्तम सुविधांमध्ये घडून आलेला तरुण यांच्या पहिल्या वर्षांची तुलना केवळ वयावरून करणे अन्यायाचे ठरते.

आता हक्काच्या रकान्याकडे वळू. ओकमाँटनंतरच्याच आठवड्यात राहम व्यावसायिक झाला, तेव्हा त्याच्याकडे पीजीए टूर या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धामालिकेचे सदस्यत्व, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘कार्ड’, नव्हते. अशा खेळाडूला मर्यादित निमंत्रणांवरच खेळावे लागते आणि त्या मोजक्या आठवड्यांत सदस्यांच्या तोडीचे गुण मिळवले, तरच पुढचे दार उघडते. वॉशिंग्टनजवळील काँग्रेशनल मैदानावरील क्विकन लोन्स नॅशनल ही त्याची व्यावसायिक म्हणून पहिली स्पर्धा. पहिल्याच फेरीत ६४ फटके खेळून त्याने आघाडी घेतली आणि शेवटी तो संयुक्त तिसरा आला. त्या निकालातून त्याला रॉयल ट्रून येथील ब्रिटिश ओपनचा प्रवेश मिळाला. जुलैमध्ये कॅनेडियन ओपनमध्ये तो विजेत्या जोनाटन व्हेगासपेक्षा फक्त एका फटक्याने मागे राहून संयुक्त दुसरा आला आणि त्याला विशेष तात्पुरते सदस्यत्व मिळाले. हंगामाअखेरीस पुढच्या वर्षाचे पूर्ण कार्डही हाती आले. दुय्यम टूरवर एक हंगामही न घालवता त्याने हे साधले. केवळ विजय मोजणाऱ्याच्या वहीत २०१६ हे वर्ष कोरे राहील. प्रत्यक्षात त्याच्या कारकिर्दीचा पाया त्याच वर्षी घातला गेला.

पहिला विजय आला की लगेच चारही फेऱ्या वेगवेगळ्या वाचाव्यात. जानेवारी २०१७मध्ये टोरी पाइन्स येथील फार्मर्स इन्शुरन्स ओपन राहमने ७२, ६९, ६९ आणि ६५ अशा फेऱ्यांसह, पारपेक्षा (मैदानासाठी ठरवलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा) १३ कमी फटक्यांत आणि तीन फटक्यांच्या फरकाने जिंकली. या स्पर्धेत पहिल्या दोनपैकी एक फेरी सोप्या नॉर्थ कोर्सवर आणि बाकी साऱ्या कठीण साउथ कोर्सवर होतात, म्हणजे शेवटच्या दिवशीचे ६५ फटके कठीण मैदानावरचे आहेत. त्यातही शेवटच्या नऊ होल्समध्ये दोन ईगल (होलच्या पारपेक्षा दोन फटके कमी) होते आणि त्यांपैकी दुसरा अठराव्या होलवर सुमारे ६० फुटांवरून चेंडू घरंगळत नेऊन साधलेला. दूरचित्रवाणीवर तोच क्षण पुन्हा पुन्हा दाखवला जातो. अभ्यासकाने मात्र त्याआधीच्या दोन ६९च्या फेऱ्यांकडेही तितक्याच आदराने पाहावे, कारण त्यांच्यामुळेच तो शेवटच्या दिवशी विजयाच्या आवाक्यात होता.

पारपेक्षा किती कमी, हा आकडा एकटा वाचू नये. त्याच वर्षी जुलैमध्ये पोर्टस्टुअर्ट येथील आयरिश ओपन राहमने पारपेक्षा २४ कमी फटक्यांत आणि सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली. येथे २४ या आकड्यापेक्षा सहा हा आकडा महत्त्वाचा आहे. पहिला मैदान आणि हवामान यांच्यावरही अवलंबून असतो, तर दुसरा त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर खेळलेल्या इतरांपेक्षा तो किती सरस होता हे सांगतो.

वाईट आठवडे वगळण्याचा मोह टाळावा. २०१७मध्ये राहम मास्टर्समध्ये संयुक्त सत्ताविसावा आला, एरिन हिल्स येथील यूएस ओपनमध्ये दोन फेऱ्यांनंतर कटमध्येच बाहेर पडला आणि ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त चव्वेचाळिसावा राहिला. मार्चमध्ये मॅच प्लेच्या, म्हणजे दोघांत समोरासमोर होलगणिक खेळल्या जाणाऱ्या, जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यात डस्टिन जॉन्सनकडून एका होलने हरलेला आणि नोव्हेंबरमध्ये दुबईत युरोपीय टूरची हंगामअखेरची स्पर्धा जिंकलेला हाच खेळाडू. चार प्रमुख स्पर्धांची मैदाने तरुण खेळाडूच्या संयमाचा कस लावतात आणि मैदानावर राग आवरणे राहमला त्या काळात जड जात होते, हे लपवण्याचे कारण नाही.

शरीर आणि शैली यांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. राहम क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फार मागे न नेता फटका मारतो, हे सर्वांना दिसत होते. उजव्या पायात जन्मजात दोष असल्यामुळे तो पाय किंचित आखूड आहे आणि घोट्याची हालचाल मर्यादित आहे, हे कारण त्याने २०२१मध्ये सविस्तर सांगितले. तोपर्यंत ज्यांनी आपल्या वहीत केवळ निरीक्षण लिहून कारणाची जागा मोकळी ठेवली असेल, त्यांना नंतर काही खोडावे लागले नसेल.

ही पद्धत आजच्या पिढीवर वापरून पाहायची असेल, तर माद्रिदचा युजेनिओ चकारा हा योग्य खेळाडू आहे. २०२२मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून तो थेट लिव्ह गोल्फ या नव्या स्पर्धामालिकेत गेला आणि त्याच वर्षी बँकॉक येथे जिंकून त्याने ४० लाख डॉलर मिळवले. परंतु तेथे तीनच फेऱ्या होत्या, कट नव्हता आणि जागतिक क्रमवारीचे गुणही नव्हते, म्हणून त्या ओळी वेगळ्या शाईने लिहाव्यात. लिव्हचा करार संपल्यावर मार्च २०२५मध्ये त्याने गुरुग्राम येथील इंडियन ओपन पारपेक्षा केवळ चार कमी फटक्यांत, दोन फटक्यांच्या फरकाने जिंकली. आदल्या वर्षी त्याच मैदानावर केइता नाकाजिमाने पारपेक्षा १७ कमी फटक्यांत विजेतेपद मिळवले होते आणि या वेळी दुसरा आलेला खेळाडूही तोच होता. या विजयाच्या ओळीत हक्काचा रकाना आधी भरावा; युरोपीय टूरवर नियमित खेळण्याचा अधिकार चकाराला याच आठवड्याने मिळवून दिला.