एसी म्हातारा झालाय: दुरुस्त करायचा की बदलायचा?

मे महिन्यात एसी बंद पडला की माणूस हिशेब करत नाही, फोन करतो. आमच्या सोलापुरातल्या विजापूर रोडच्या घरी तेच झालं. रात्रीचे साडेदहा वाजलेले, भिंती अजून भट्टीसारख्या, आणि अकरा वर्षांचा दीड टनी स्प्लिट नुसताच वारा फेकतोय. दुसऱ्या दिवशी आलेल्या पोराने बाहेरच्या पाइपला हात लावला आणि निकाल दिला, “काका, गॅस संपलाय की. भरून देतो.” अडीच हजार दिले. एकविसाव्या दिवशी पुन्हा नुसता वारा.

तेच अडीच हजार तुमचेही जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. आधी एक गोष्ट बाजूला काढतो. नवीन एसी बघायला गेलात की दुकानदार थंड-गरम दोन्ही करणारं मॉडेल दाखवेल. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, आपल्याकडे रात्री थंडी पडते खरी, पण तिचा बंदोबस्त या गावाने चादरीने कधीच करून ठेवलाय. त्यावर जास्तीचे पैसे घालू नका.

आधी घरच्या घरी बघा

फिल्टर काढून धुणं सगळ्यांना माहीत असतं. विसरतो ते बाहेरचं युनिट. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी तर तिथूनच सुरुवात करावी. माझ्या मेहुण्यांकडे आउटडोअरच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं, तर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर गोधडीसारखा सोलून हातात आला. अशी गोधडी पांघरलेलं युनिट आतली उष्णता बाहेर टाकणार कुठून? कॉम्प्रेसर तापतो, स्वतःला वाचवायला बंद पडतो, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतो. घरातले म्हणतात, कॉम्प्रेसर गेला.

मेन स्विच बंद करा, साध्या नळीने हलक्या धारेने धुवा, वाळू द्या. गाड्या धुवायचा प्रेशर पंप लावू नका, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

मग साधा थर्मामीटर घ्या. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. वरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजा, खालून येणाऱ्या हवेचं मोजा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. ही मोजणी दुपारी तीनला करून घाबरू नका. टनांची क्षमता ठरवताना बाहेर ३५ अंश धरलेले असतात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की धडधाकट एसीही धापा टाकतो, त्यात वरच्या मजल्याची स्लॅब असेल तर बघायलाच नको. रात्री दहानंतर पुन्हा मोजा. रात्रीही फरक पाच-सहाच असेल तर दुखणं खरं आहे.

संध्याकाळी व्होल्टेज किती येतंय तेही स्टॅबिलायझरच्या आकड्यावर बघून घ्या.

मशीनची जन्मकुंडली

बाहेरच्या युनिटच्या बाजूला एक पत्र्याची पाटी किंवा स्टिकर असतो. तिथे मशीन कधी बनलं आणि कोणता गॅस आहे, दोन्ही लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा.

गॅस आर-२२ असेल तर मशीन जुन्या पिढीचं. हा गॅस ओझोनच्या थराला मारक आहे. मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत चाललाय आणि २०३० पर्यंत आपल्याकडचा वापर जवळजवळ संपवायचा आहे. म्हणजे दर वर्षी तो मिळणं कठीण होणार. आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर दुरुस्तीला अजून वाव आहे. जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये ‘नवा गॅस टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. या गॅसांचे दाब जास्त, तेल वेगळं, आणि आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा आहे. तो मुळातच त्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये शोभतो.

नेमकं काय गेलंय?

किरकोळ गोष्टींसाठी मशीन बदलायचं नसतं. बाहेरचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हे बहुतेक वेळा कपॅसिटरचं, म्हणजे मोटरला सुरू व्हायला धक्का देणाऱ्या छोट्या डबीचं काम, काहीशे रुपयांचं. आत पाणी ठिबकणं म्हणजे तुंबलेली ड्रेनची नळी. सेन्सर, पंख्याची मोटर यांनाही घाबरू नका. पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जळला तर खर्च काही हजारांत जातो. मशीन सहा-सात वर्षांच्या आतलं असेल तर मी तो करेन.

खरा खेळ गॅसमध्ये असतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या वेळी मी पार्क चौकाकडच्या ओळखीतून एक वयस्कर मेकॅनिक बोलावला. त्यांनी आधी विचारलं, “मागच्याने साबण लावून बघितलं का?” नव्हतं बघितलं. त्यांनी नायट्रोजन भरून दाब चढवला, जोडांवर साबणाचा फेस लावला आणि बिडी पेटवावी तसे निवांत बसले. जोड कोरडेच. मग आतलं युनिट उघडून कॉइलवर फेस लावला, तर एका वळणावर मोहरीएवढा बुडबुडा उठला, फुटला, पुन्हा उठला. तो बुडबुडा मी पाच मिनिटं बघत होतो. अडीच हजार तिथून गेले होते.

तुम्हीही हेच करून घ्या, आणि गळती कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नटाच्या जोडात असेल तर खुशाल दुरुस्त करा, स्वस्तात सुटलात. तांब्याच्या कॉइलला एकच छिद्र असेल तर वेल्डिंग होतं, पण आठ-दहा वर्षांच्या कॉइलला एक छिद्र पडलं की दुसरं मागोमाग असतं. ॲल्युमिनियमच्या कॉइलची तर दुरुस्ती धरूच नका. जोड नीट झाल्यावर आधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्युम पंप लावायचा आणि मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. ‘अंदाजाने भरतो’ म्हणणाऱ्याला थांबवा.

आता वहीत हिशेब

‘निम्म्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला तर बदला’ असं लोक सांगतात. मला ते अर्धवट वाटतं, कारण त्यात वय नाही. मी खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागतो. समजा, दहा वर्षांच्या एसीला कॉम्प्रेसर टाकायला १२,००० लागतात आणि तो फार तर तीन वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला ४,०००. नवा ४२,००० चा घेतला आणि दहा वर्षं वापरला तर वर्षाला ४,२००. जवळपास बरोबरी झाली, आणि विजेचं बिल अजून धरलेलंच नाही.

बिलासाठी मीटरजवळ जा. एसी लावून झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर रीडिंग लिहा. दुसऱ्या रात्री एसीशिवाय तेच करा. फरक म्हणजे तुमच्या एसीचे युनिट. समजा आठ तासांत १० युनिट आले आणि नवा इन्व्हर्टर एसी त्याच खोलीत ६ मध्ये भागवेल, तर उन्हाळ्याच्या शंभर रात्रींत ४०० युनिट वाचले. त्यांना सरासरी दराने गुणू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात, आणि एसीचे युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. बिलावर तो दर आणि त्याखालचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा दर) दोन्ही बघा.

उलट बाजूही सांगतो. पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षातून दहा-पंधरा रात्री लागणारा एसी बिल वाचवण्यासाठी कधीच बदलू नका. पैसे वसूल होणार नाहीत.

बदलायचंच ठरलं तर

मेमध्ये घेऊ नका. बसवणारी पोरं दिवसाला पाच-सहा घरं उरकत असतात आणि व्हॅक्युमची वीस मिनिटं तिथेच मारली जातात. आम्ही तो उन्हाळा कूलरवर काढला आणि संक्रांतीनंतर एसी घेतला. आपली हवा कोरडी, त्यामुळे मार्च ते मे कूलर छान चालतो. अडचण पाण्याची. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात कूलरची टाकी म्हणजे एक जास्तीचा माणूसच. बोअरचं पाणी घातलं की पॅडवर क्षाराचा पांढरा थर बसतो. आणि एक कृपा करा, कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. कूलर हवा दमट करतो, एसी तीच हवा कोरडी करण्यात वीज जाळत बसतो.

स्टार बघताना लेबलवर छापलेलं वर्ष बघा. निकष कडक होत जातात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच स्टार आजचा पाच स्टार नसतो. त्याहून कामाचा आकडा म्हणजे वर्षाला लागणारे युनिट. तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, तुमचे तास ८०० असतील तर निम्मा धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या कोटेशनवर भाव करू नका. तांब्याची पाइप नवीच टाका, आणि आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर टांगू देऊ नका. आमचा जुना तिथेच होता.

जुना एसी देताना गॅस आधी पंप-डाउन करून आउटडोअरमध्ये अडकवायला सांगा. भंगारवाल्याने पाइप कापली की उरलेला सगळा हवेत जातो. एक्सचेंजमध्ये देणं बरं.

ड्रेनची नळी बादलीत सोडली की कुंड्यांचं भागतं. पण मेमध्ये बादली भरत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करू नका, हवेतच पाणी नसतं. शेजारच्या वहिनींनी केला होता. त्यांनाही तेच उत्तर मिळालं: गॅस संपलाय.