गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर परत आला: औषधांचे आकडे कसे वाचायचे

औषधाने 'इतके महिने' मिळतात असं ऐकलं की घरच्यांच्या डोक्यात तेवढाच आकडा बसतो. तो मध्यक असतो: चाचणीतल्या निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या. आपल्या पेशंटची ती मुदत नव्हे.

आधी जुनी फाइल काढून चार गोष्टी एका कागदावर लिहा: ओटीपोटाला रेडिएशन कधी दिलं, सिस्प्लॅटिन (प्लॅटिनम गटातलं केमोचं औषध) आधी मिळालं होतं का, आत्ताचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, आणि गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी झाली का (तिचा स्कोअर म्हणजे सीपीएस).

केमोचा पाया पॅक्लिटॅक्सेल आणि एक प्लॅटिनम औषध. गाठीने मूत्रनलिका दाबली की क्रिएटिनिन चढतं, मग सिस्प्लॅटिन झेपत नाही आणि कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या प्लॅटिनम औषधाकडे वळावं लागतं. जपानच्या जेसीओजी ०५०५ चाचणीत एकूण फरक नगण्य होता (कार्बोप्लॅटिनवर १७.५, सिस्प्लॅटिनवर १८.३ महिने). मात्र आधी प्लॅटिनम न मिळालेल्या बायकांमध्ये सिस्प्लॅटिन सरस ठरलं: २३.२ महिने, कार्बोप्लॅटिनवर १३. म्हणून कागदावरची दुसरी ओळ महत्त्वाची.

केमोच्या जोडीला बेव्हासिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) दर तीन आठवड्यांनी, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला ७५० मिलिग्रॅम; ४०० ची एक आणि १०० च्या चार बाटल्या. जीओजी २४० चाचणीत केमोवर १३.३ महिने होते, याच्या जोडीने १६.८. भारतात बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं) मिळतात, त्यामुळे खर्च काहीसा उतरतो. पण शेक (रेडिएशन) घेतलेल्या जागी आतड्याला किंवा मूत्राशयाला योनीमार्गाशी जोडणारं छिद्र (फिस्टुला) पडू शकतं. योनीमार्गातून लघवी किंवा शौच येऊ लागलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या औषधाने रक्तदाबही चढू शकतो, तो घरीही मोजत राहा.

सीपीएस १ किंवा जास्त असेल तर पेम्ब्रोलिझुमॅबबद्दल (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणारं इम्युनोथेरपीचं औषध) विचारा. कीनोट-८२६ चाचणीत अशा बायकांमध्ये ते केमोबरोबर दिल्यावर मध्यक १६.५ वरून २८.६ महिन्यांवर गेला. आत्तापर्यंतच्या आकड्यांत ही झेप सर्वांत मोठी, म्हणून तुकडा तपासायचा राहिला असेल तर आग्रह धराच. डोस २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त ३५ वेळा. खर्चाचा हिशेब एका डोसवर न करता पुऱ्या वर्षाचा मांडा. जुलाब, धाप, कमालीचा थकवा हे त्रास काही महिन्यांनीही उद्भवतात. जुलाब साधे समजून घरच्या घरी थांबवू नका. आतड्याची सूज असेल तर स्टेरॉइड लवकर लागतं.

या पहिल्या फळीनंतरही आजार वाढला तर आकडे लहान होतात. सेमिप्लिमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधावर मध्यक १२ महिने, तुलनेच्या केमोवर ८.५. त्या टप्प्यावर स्कॅनइतकंच वेदनेकडे लक्ष द्या. मॉर्फिन आणि पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागाची चिठ्ठी केमोच्या पहिल्या सायकललाच मागून ठेवा. ती घेतली म्हणून कोणाची केमो बंद होत नाही.