गाइडचा मेल उघडण्याआधी

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी फोनवर गाइडचं नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मेल वाचायच्या आधीच. एकदा तर मी एक मेल चार दिवस न उघडता ठेवला. शेवटी उघडला तेव्हा आत एक ओळ होती : "आकृती 3 मधला स्केल बार (चित्रातली मोजमापाची रेघ) तपासून घे." त्या स्केल बारपायी माझी चार रात्रींची झोप गेली होती. हा लेख ही भीती कमी करायला मला उपयोगी पडलेल्या माइंडफुलनेसविषयी आहे.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. माझा विषय मिठागरांतले आर्किया, म्हणजे दिसायला जिवाणूंसारखे पण वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. वीस-पंचवीस टक्के मीठ असलेल्या प्लेटवर, म्हणजे आगर नावाची जेली ओतलेल्या चपट्या बशीत, ते वाढतात, पण सावकाश. डोळ्यांना काही दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर नुसती वाट बघायची. त्यात पाच महिने फेलोशिप अडकली, खोलीचं भाडं थकलं आणि घरी फोन केला की "कधी संपणार गो?" सुरू. पुढे पुढे भीतीही वाटेनाशी झाली. लॅबमध्ये जायचं, इन्क्युबेटर उघडायचा, बंद करायचा. मन कशातच नव्हतं.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. 2018 मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या विज्ञानपत्रिकेत 26 देशांतल्या 2,279 विद्यार्थ्यांची पाहणी छापून आली. त्यात 41 टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं होती. सर्वसाधारण लोकांमध्ये हेच प्रमाण 6 टक्के धरलेलं होतं. ते आकडे वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

माइंडफुलनेसला मराठीत सजगता म्हणतात, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे, ते बदलायला न जाता, लक्ष देणं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम बांधला, तिथून ही गोष्ट दवाखान्यांत आणि विद्यापीठांत पोचली. मुळं बौद्ध ध्यानात आणि हठयोगात. चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) सुपाऱ्यांचे घोस बांधताना मी आजीला हे सांगत होते.

"म्हणजे जपच ना?"
"नाही गे, नाव कुणाचंच घ्यायचं नाही."
"माळ तरी?"
"माळही नाही. श्वास बघायचा."
आजीने हातातला घोस खाली ठेवला. "बरी आहेस ना तू?"

तर, कसं करायचं ते सांगते. आधी माझी चूक. मी सुरुवातच मिरामारच्या वाळूत पहाटे तासभर बसण्याने केली. पहिल्या दिवशी कुत्री, दुसऱ्या दिवशी मच्छर, तिसऱ्या दिवशी चक्क झोप. मग फोनवर अ‍ॅप घेतलं आणि त्यातल्या सलग दिवसांचा आकडा सांभाळण्याचं नवीन टेन्शन लावून घेतलं. आधीच डोक्यावर प्रगती अहवाल होता, त्यात आता शांत राहण्याचाही अहवाल! असलं काही करू नका. सुरुवातीला वेगळी वेळ काढूच नका. दिवसात जे होतंच, त्यालाच हे बांधा.

माझी पहिली गाठ पोदेराशी, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याशी. ताळगावात माझ्या खोलीखाली सहाच्या सुमाराला त्याच्या सायकलचा भोंपू वाजतो. पूर्वी तो ऐकला की हात आधी फोनकडे जायचा. आता भोंपू वाजला की पडल्या पडल्या तीन श्वास बघते, मग त्याच्याकडच्या पोळ्या (हे गोव्यातले पावच) घ्यायला खाली उतरते. फोन त्यानंतर. तुमच्याकडे पोदेर येत नसेल तर पंप सुरू झाल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, काहीही चालेल. आवाज दुसऱ्याने केलेला असावा, एवढंच. स्वतः लावलेला अलार्म आपण स्वतःच बंद करतो.

दुसरी गोष्ट, खुर्चीवर दहा मिनिटं बसणं. लॅबमध्ये, लायब्ररीत, कुठेही. तळवे जमिनीला टेकलेले, पाठ ताठ पण ताणलेली नाही. श्वास नाकपुडीशी लागतो की पोटाशी कळतो ते पाहा आणि त्या एकाच जागी राहा. श्वास लांबवायचा नाही, सुधारायचा नाही. चौथ्या-पाचव्या श्वासाला मन रेफरन्सच्या यादीत गेलेलं असेल. कळलं की मनात "विचार" म्हणा आणि परत या. पुन्हा जाईल, पुन्हा या. मी कित्येक दिवस समजत होते की मन भटकलं म्हणजे माझं ध्यान फसलं. उलट आहे. गेलेलं कळणं आणि परत येणं, व्यायाम तोच आहे. दहा मिनिटांत पन्नास वेळा गेलं तर पन्नास वेळा झाला.

शनिवारी घरी जाताना म्हापशापर्यंतच्या शटल बसमध्ये बॉडी स्कॅन करते. पायांच्या बोटांपासून सुरू करून घोटे, पोटऱ्या, गुडघे असं वर वर यायचं आणि प्रत्येक ठिकाणी काय जाणवतं ते फक्त नोंदवायचं. मूळ अभ्यासक्रमात हे झोपून पाऊण तास करतात. आपल्याला मांडवी पुलावरच्या ट्रॅफिकने तेवढा वेळ पुष्कळदा दिलेलाच असतो. सीट मिळाली नाही तर ब्रेक लागताना तळव्यांवर वजन कसं सरकतं ते बघा. माझा जबडा सदान् कदा आवळलेला असतो हे मला अशाच एका उभ्या प्रवासात कळलं. डेंटिस्टने दोनदा सांगूनही कळलं नव्हतं.

आता मेल. खरा उपयोग मला इथे झाला. नाव दिसलं की फोन पालथा ठेवायचा. पाय जमिनीवर. मग शरीरात काय होतंय ते बघायचं, आणि नेमकं बघायचं. "टेन्शन आलं" म्हणून सोडून द्यायचं नाही. माझ्याकडे बेंबीच्या वर लिंबाएवढं घट्ट काहीतरी असतं आणि तळहात गार पडतात. त्याला घालवायला जायचं नाही. तीन श्वास, बाहेर सोडायचा तो जरा सावकाश. सावकाश उच्छ्वासाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे साधं शरीरशास्त्र आहे. मग मेल पूर्ण वाचायचा, एकदाच. नंतर कागदावर उभी रेघ मारून डावीकडे मेलमधले शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि उजवीकडे आपण त्यात जोडलेले. माझ्या वहीतलं एक पान असं आहे. डावीकडे : "चर्चेचा भाग पुन्हा लिही." उजवीकडे : मला लिहिता येत नाही, सरांना आपण मला घेतलं याचा पश्चात्ताप होतोय, ज्युनियर मुलीचा पेपर आला, माझा येणार नाही, घरी काय सांगू, वगैरे. डावीकडे एक ओळ, उजवीकडे नऊ. काम डाव्या ओळीचं करायचं असतं. उजव्या नऊ ओळी खोडायच्या नाहीत, वाद घालायचा नाही. त्या कुणाच्या हस्ताक्षरात आहेत ते दिसलं तरी पुरतं.

कधीकधी डावी बाजूही खरोखरच वाईट असते. अपमान असतो, अशक्य तारीख असते. तिथे श्वास बघून सोसत राहणं म्हणजे सजगता नव्हे. तारीख लिहून ठेवा, समितीतल्या दुसऱ्या कुणाशी बोला. माझी अडकलेली फेलोशिप काही ध्यानाने सुटली नाही, पाच अर्जांनी सुटली. ध्यानाने एवढंच झालं की तो पाचवा अर्ज लिहिताना हात थरथरला नाही.

कामात मन परत कसं आलं ते जरा सविस्तर सांगते, कारण ताण कमी झाला म्हणून गोडी आपोआप परत येत नाही. निदान मला तरी आली नाही. एका मे महिन्यात नमुने घ्यायला मिठागरावर गेले होते. तिथले काका मिठाच्या वाफ्याच्या कडेला नुसते उभे. खाडीचं पाणी मानशीतून (बांधातल्या दारातून) आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. त्या पाण्याला गुलाबी झाक येते, ती माझ्या आर्कियांची. काका त्या रंगाकडे आणि वरच्या पातळ सायीकडे बघत होते. मी दहा मिनिटांत बाटल्या भरून मोकळी झाले, ते अजून बघतच होते. म्हटलं, काय बघता? म्हणाले, "उद्या ओढायचं की परवा, ते."

आपण आपल्या प्लेटकडे असं शेवटचं कधी बघितलं, ते मला आठवेना. मी बघायचे ते मोजायला नाहीतर फोटो काढायला. दुसऱ्या दिवसापासून रोज एक प्लेट, पाच मिनिटं. कॅमेरा नाही, मोजणी नाही, फक्त पेन्सिल आणि वही. दिसतं तसं काढायचं. पहिले तीन दिवस रटाळ गेले. चौथ्या दिवशी दिसलं की प्लेटच्या कडेच्या वसाहती, म्हणजे आर्कियांचे ठिपके, मधल्यांपेक्षा फिक्या आहेत. का बरं? कडेचं आगर आधी सुकत असेल का, तिथे मीठ जास्त चढत असेल का? (आमच्या धंद्यात आगर मिठाचंही आणि प्लेटमधलंही.) उत्तर फार थोर निघालं नाही, प्लेटा नीट न गुंडाळल्याचाच तो प्रकार होता. पण कित्येक महिन्यांनी पडलेला तो माझा स्वतःचा प्रश्न होता. त्या दिवशी मी जेवायला उशिरा गेले आणि उशीर झाल्याचं मला कळलंही नव्हतं.

तुमच्याकडे प्लेट नसेल. माझी रूममेट मोडी कागद वाचते. ती सकाळी एकच ओळ घेते, लिप्यंतर न करता फक्त अक्षरांची वळणं बघते. कोड लिहिणाऱ्यांनी एक फंक्शन घ्यावं. सामग्री तुमच्याच विषयाची हवी आणि त्या पाच मिनिटांतून काहीही 'निघायला' नको.

एक सावधगिरी. डोळे मिटून बसल्यावर काहींना जुनं काही उसळून येतं, छाती धडधडते. तसं झालं तर डोळे उघडा, तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श बघा, उठून चाला. तरीही होत राहिलं तर हा प्रकार सोडून द्या, तुमचं काही चुकलेलं नाही. आणि दोन आठवडे झोप, जेवण बिघडलेलंच असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन करा. ती केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, 2022 पासूनची, फुकट आणि चोवीस तास चालू. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे. तिथे जायला मीही लाजले होते. बाहेरच्या बाकावर मला माझ्याच इमारतीतली एक मुलगी भेटली.

शुक्रवारी आम्ही लॅबमधले काही जण दहा मिनिटं एकत्र बसतो. पहिल्या आठवड्यात सात होतो, आता तिघं उरलो आहोत. वेळ 4.10 ची ठेवली आहे, कारण साडेचारनंतर कँटीनमध्ये बन्स शिल्लक राहत नाहीत.