आरोग्य विम्याचा दावा नाकारला गेल्यास काय करावे
नागपुरात धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर 'दावा नामंजूर' असे ऐकून खचून जाऊ नये. आधी नकाराचे कारण पॉलिसीतील कलमासह लेखी मागावे, कारण पुढची सारी लढाई त्या एका कागदावर उभी राहते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) ३ वर्षांहून अधिक ठेवता येत नाही, आणि पॉलिसी सलग ५ वर्षे चालू असल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. म्हणूनच नूतनीकरणाच्या जुन्या पावत्या, पिवळ्या पडल्या तरी, जपून ठेवाव्यात. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. महिनाभरात समाधान न झाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.