रोजच्या लाटेचा बोर्ड

सर्फिंगच्या शिकवणीचे दहा-बारा दिवस संपले आणि मी लगेच स्वतःचा बोर्ड घेतला. सहा फुटी, टोकदार, पांढराशुभ्र, खाली माशाच्या परासारखे तीन फिन. खरं सांगायचं तर काखेत धरल्यावर मी कसा दिसतो एवढं बघूनच घेतला होता. माझं वजन तेव्हा ७४ किलो, बोर्ड २८ लिटरचा. हा दुसरा आकडा बोर्डावर लिहिलेला होता, पण मी तो वाचलाच नव्हता.

पुढचे चार महिने मी सर्फिंग केलं असं म्हणवत नाही. पोहण्याचा व्यायाम झाला म्हणा. लाट यायची, मी जिवाच्या आकांताने हात मारायचो, लाट पोटाखालून निघून जायची आणि मी होतो तिथेच. एका सकाळी मोजलं : दीड तासात दोन लाटा, त्यातली एक पोटावरच. शेजारी साठी ओलांडलेले एक काका नऊ फुटी बोर्डवर बसलेले असायचे. चार हात मारले की उभे. शेवटी त्यांनाच माझी दया आली. "जरा बदलू या," म्हणाले. ते माझ्या बोर्डवर बसले तर पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं, आणि मी त्यांच्या बोर्डवर अर्ध्या तासात नऊ लाटा पकडल्या. बोर्ड परत देताना त्यांनी तो उलटा केला, मधल्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे वाचले आणि विचारलं, "हा कुठल्या दिवसासाठी घेतलास?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, हा बोर्ड छातीएवढ्या, उभ्या, स्वच्छ लाटेसाठी आहे. तसे दिवस महिन्यातून किती येतात? बाकीचे दिवस काय करणार आहेस?"

नव्याने बोर्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न विचारतो. आपण बोर्ड निवडतो तो डोक्यात असलेल्या लाटेसाठी, आणि रोज उतरतो त्या कंबरेएवढ्या, मऊ, वाऱ्याने विस्कटलेल्या पाण्यात.

आधी लिटरचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान. एक लिटर फोम पाण्यात दाबला तर साधारण एक किलो वजन उचलून धरतो. माणसाचं शरीर पूर्ण बुडलं तर जवळजवळ तरंगतंच. पण बोर्डवर पालथं पडलं की डोकं, खांदे, पाठ पाण्याच्या वर येतात आणि तो भार फोमवर पडतो. फोम कमी असेल तर बोर्ड तुमच्यासकट खाली बसतो, आणि अर्ध्या बुडालेल्या ओंडक्यासारखं पाणी ढकलत पुढे जावं लागतं. खांदे दुखतात ते ताकद कमी म्हणून नव्हे, या ढकलण्यामुळे.

ढोबळ हिशेब असा : अगदी नवख्याने वजनाच्या आकड्याएवढे लिटर घ्यावेत, थोडे जास्त असले तरी चालेल. ७० किलोच्या माणसाला आठ-नऊ फुटी मऊ फोमचा बोर्ड म्हणजे हेच. आडव्या भिंतीवर, म्हणजे न फुटलेल्या लाटेवर, डावी-उजवीकडे नीट जाता येऊ लागलं की वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत उतरता येतं. स्पर्धेत उतरणारे पस्तीस-चाळीस टक्क्यांवर खेळतात, पण ते आठवड्याचे सगळे दिवस पाण्यात असतात. तुम्ही फक्त शनिवार-रविवारी जात असाल, वय चाळिशीपुढे असेल किंवा थंड पाण्यात जाड वेटसूट घालून उतरणार असाल, तर दोन-चार लिटर वरच राहा. लाजायचं काही कारण नाही.

मात्र नुसता लिटरचा आकडा धरून बसू नका. ३५ लिटर अरुंद आणि जाड बोर्डात मावतात, तसेच आखूड, रुंद आणि चपट्या बोर्डातही मावतात, आणि दोन्ही पाण्यात अगदी वेगळे वागतात. फोम छातीखाली असेल तर हात मारणं सोपं जातं. नोज (पुढचं टोक) आणि टेल (मागचं टोक) बारीक करून सगळा फोम मधेच कोंबला असेल तर आकडा तोच राहून उपयोग कमी.

आता लाट. किनाऱ्याशी येणारी लाट तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास खोली उरली की फुटते, आणि उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो. एक मीटरची लाट फुटते तिथे ताशी १२-१३ किलोमीटरने धावत असते, तीन मीटरची ताशी २२ च्या घरात. हाताने आपण जेमतेम सहा-सात गाठतो. मधली तूट भरून काढतो तो उतार. लाट उभी असेल तर बोर्ड घसरगुंडीवर ठेवल्यासारखा आपोआप सुटतो, म्हणून तिथे आखूड बोर्ड चालतो. लाट मऊ, पसरट असेल तर उतारच नसतो. मग बोर्डाने स्वतः घसरत राहायला हवं, आणि त्यासाठी लांबी, रुंदी आणि सपाट तळ लागतो. गंमत अशी की प्रचंड लाटेलाही बोर्ड लांबच लागतो. तिचा वेग इतका असतो की हाताचाच वेग वाढवल्याशिवाय ती पकडता येत नाही, म्हणून मोठ्या लाटेचे 'गन' बोर्ड नऊ-दहा फुटी असतात, अरुंद आणि मागे टोकदार. म्हणजे लांब बोर्ड दोन्ही टोकांना, आणि आखूड बोर्ड मधल्या, चांगल्या लाटेला. लाट वाढेल तसा बोर्ड लहान, असं मी कितीतरी दिवस समजत होतो.

लाटांच्या अंदाजात उंचीबरोबर सेकंद, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, दिलेले असतात, तेही वाचायला शिका. एक मीटर, ७ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेलं, कमी ताकदीचं पाणी. त्या दिवशी मोठा बोर्ड. एक मीटर, १४ सेकंद म्हणजे लांबून आलेली लाट, जी उथळ पाण्यात येऊन अंदाजापेक्षा बरीच उंच उठते. आकडा तोच, बोर्ड वेगळा. शिवाय एकच जागा भरतीला मऊ आणि ओहोटीला कडक असू शकते, त्यामुळे घड्याळही बघावं लागतं.

बोर्डाची वाक, म्हणजे रॉकर, बघायची एक सोपी युक्ती आहे. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि गाल जमिनीला टेकवून बाजूने बघा. नोज किती वर उचललंय, टेलखाली किती फट आहे, सगळं दिसतं. वाक जास्त असेल तर उभ्या, पोकळ लाटेच्या वळणात बोर्ड बसतो आणि नोज पाण्यात खुपसून कोलांटी होत नाही. पण मऊ लाटेत तीच वाक ब्रेक लावल्यासारखी पाणी अडवते. माझा पांढरा बोर्ड केळ्यासारखा होता. चार महिने मी स्वतःच्या दंडांना दोष देत होतो.

टेलचं थोडक्यात : रुंद टेल मऊ लाटेत उचल देते, टोकदार टेल वेगात पकड देते. काप असलेल्या रुंद टेलचा 'फिश' बोर्ड स्टीव्ह लिसने १९६७ मध्ये सॅन दिएगोत बनवला, तोही गुडघ्यांवर बसून सर्फ करायला. आज उन्हाळी, लहान लाटांसाठी तो पुष्कळांचा आवडता आहे, पण पहिला बोर्ड म्हणून घेऊ नका, निसटतो.

फिनबद्दल वाद घालणाऱ्यांना मी १९८१ सालाची आठवण देतो. त्या वर्षी सायमन अँडरसनने तीन फिनचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियात बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. माणूस धिप्पाड, दोन फिनचे बोर्ड त्याच्या पायाखालून सटकायचे, म्हणून त्याने तिसरं फिन बसवलं. आणि त्याच वर्षीचं जगज्जेतेपद मार्क रिचर्ड्सने दोन फिनवर मिळवलं. १९७९ ते १९८२ अशी सलग चार त्याची आहेत. नवख्याने तीन फिन लावावेत आणि हा विषय दोन वर्षं बंद ठेवावा.

एक गोष्ट मात्र बोर्ड बदलण्याआधी तपासा : पडून राहण्याची जागा. नोज पाण्याच्या तीन-चार बोटं वर राहील इतकंच पुढे सरका. फार मागे सरकून पालथे झालात तर नऊ फुटी बोर्डसुद्धा नांगर होतो. मी हनुवटी येते तिथे मेणाने एक आडवी रेघ ओढायचो; आठवड्याभरात शरीराला जागा कळली. आणि मोठा बोर्ड घेतलात की फेसाळ लाट आली म्हणून तो सोडून पाण्यात बुडी मारायची नाही. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, ताणली गेली की मागच्याच्या डोक्यापर्यंत तो सहज पोचतो. बोर्डासकट उलटे व्हा, घट्ट धरून ठेवा.

काकांच्या त्या प्रश्नानंतर मी ७ फूट ६ इंचाचा, ५२ लिटरचा बोर्ड घेतला आणि दोन वर्षं दुसरं काही वापरलं नाही. आता ७ फूट २ इंचाचा एक आहे आणि ५ फूट १० इंचाचा, ३६ लिटरचा एक फिश. पांढरा अजून भिंतीला टेकून उभा आहे. गेल्या वर्षी सात वेळा पाण्यात गेला. सातही दिवस लक्षात आहेत.

परवा एक नवीन मुलगा आला होता. बाकीच्या बोर्डांकडे त्याने पाहिलंही नाही, थेट पांढरा उचलून काखेत धरला आणि काचेत स्वतःला बघितलं. "घेऊ का हा, दादा?" मी त्याचं वजन विचारलं. ६८, म्हणाला. मग आतून नऊ फुटी फोमचा काढून त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.